बँकॉकच्या बाजारातली कूक

"अप्पा, बँकॉकला जाताना सगळे बाप्ये बायकांना घरी का ठेवतात?"

हे मी घरात विचारूच शकणार नाही अशी माझ्या मैत्रिणीने, रोशनीने पैज लावली होती. दुसरी मैत्रीण प्रियांका म्हणाली, "ही वक्तृत्व स्पर्धेत वाघ, घरी मांजर." म्हणून मी विचारलं, आणि तेही अप्पांच्या तोंडात घास असताना. अप्पांनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि आईकडे बघितलं. आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली होती. भाकरी करपल्याचा वास यायला लागला.

शेणव्याच्या नाक्यावर आमचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. त्या वर्षी अप्पांनी एवढे पंप विकले की कंपनीने स्कीममध्ये बँकॉकची दोन तिकिटं दिली. अप्पांचे मुरबाडचे दोस्त धाऊशेठ हेही पंपवालेच, त्यांनाही एक तिकीट मिळालं होतं. अप्पांच्या दुसऱ्या तिकिटावर आपल्या मेहुण्याला न्यायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्या प्रश्नानंतर अप्पा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले आणि चपला काढता काढता आईला म्हणाले, "गिरजा, पासपोर्टचे फोटो काढून घे. या वकिलीणबाईंचे पण." माझं तिकीट त्यांनी पदरचं काढलं. मेहुणा राहिला मुरबाडला.

धाऊशेठना हे झोंबलं. विमानात आमच्या मागच्या सीटवर बसून ते अख्ख्या ग्रुपला माझा प्रश्न सांगत होते. "आता बघा, बाजारात शिरल्यावर हिला आपोआप उत्तर मिळंल."

मी मनात म्हटलं, बघूच. शहापूरच्या क्लासमध्ये मी सहा महिने स्पोकन इंग्लिश शिकले होते. आईचा पासपोर्ट, माझा पासपोर्ट, हॉटेलचं कार्ड, सगळं माझ्या गळ्यातल्या पाकिटात होतं. आईला मी बजावलं होतं, "तू बोलू नको, मी बोलते. तू फक्त माझ्या मागे चाल."

"बरं गो," आई म्हणाली.

पण ती धड मागेसुद्धा चालत नव्हती. पहिल्या दिवशी आम्हाला देवळं दाखवायला नेलं. सोन्याची शिखरं, भिंतींवर आरशांचे तुकडे, आणि एका देवळात आडवे झालेले एवढे लांब बुद्ध, की पायांपासून डोक्यापर्यंत चालत जाताना आमचा अर्धा ग्रुप दमला. आई त्यांच्या पावलांपाशी हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "याचे पाय चेपायचे म्हटले तर गाव लागंल." सगळे हसले. धाऊशेठही हसले. पण देवळातून निघाल्यावर आई दर वळणावर थांबायची, मागे वळून बघायची आणि मग पुढे यायची. आमची गाइड नोक, हातात पिवळा झेंडा घेतलेली हडकुळी बाई, मोडक्या हिंदीत ओरडायची, "मम्मी, चलो चलो."

"आई, मागे काय बघतेस सारखी?"

"परत येताना वाट उलटी दिसते. बघून ठेवलेली बरी."

"आपल्याला बस आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाजार. आमचा शहापूरचा बाजार तिथल्या एका कोपऱ्यात हरवून गेला असता. वर पत्रे, खाली चिंचोळ्या गल्ल्या, गल्लीला फुटलेल्या गल्ल्या. कपडे, चपला, मासे, कोंबड्या, कुंड्या, लाकडी हत्ती. बाजाराच्या मधोमध एक घड्याळाचा टॉवर होता. नोकने सगळ्यांना त्याच्याखाली उभं केलं आणि झेंड्याने वर दाखवलं. कोणी हरवलं तर इथे यायचं. मी आईला मराठीत सांगितलं. आईने मान डोलावली. अप्पा बाकीच्यांबरोबर बॅगा बघायला एका बाजूला गेले, आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला.

मला रोशनी आणि प्रियांकासाठी सारख्या पर्स घ्यायच्या होत्या. मी एका दुकानात इंग्रजीतून भाव करत होते. खरं सांगायचं तर कॅल्क्युलेटरवर भाव करत होते, कारण ती बाई माझं इंग्रजी ऐकून नुसती हसायची आणि आकडा दाबून दाखवायची. चांगलीच रंगले होते मी. "आई, ही लाल बघ," असं म्हणत वळले.

मागे आई नव्हती.

आधी मला रागच आला. बघत बसली असेल कुठेतरी. मी दुकानाबाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हिरव्या साडीची बाई कुठेच दिसेना. मी एका गल्लीत शिरले, मग दुसऱ्या, मग धावायलाच लागले. पर्सचं दुकान कुठे राहिलं तेही मला कळेना. मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. सगळ्या गल्ल्या एकसारख्या, सगळीकडे तोच तळणीचा वास. एका माणसाला मी विचारलं, "व्हेअर इज द क्लॉक टॉवर?" त्याने मनगटावरच्या घड्याळात बघून मला वेळ सांगितली.

शेवटी पत्र्यांच्या फटीतून टॉवरचं टोक दिसलं तेव्हा हायसं वाटलं. आई तिथेच असणार, आणि मी तिला असं बोलणार की बस.

टॉवरखाली अप्पा होते, धाऊशेठ होते, नव्या बॅगा होत्या. आई नव्हती.

"गिरजा कुठंय?" अप्पांनी विचारलं.

माझा हात गळ्यातल्या पाकिटावर गेला. तिचा पासपोर्ट माझ्याकडे. हॉटेलचं कार्ड माझ्याकडे. हॉटेलचं नावसुद्धा तिला धड येत नव्हतं. तिच्या हातात काय होतं? रुमाल.

अप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसता शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला, बघितला आणि परत ठेवला. त्याला रेंज नव्हती हे त्यांना माहीत होतं, आणि आईकडे फोनच नव्हता. तरी त्यांनी तो पुन्हा काढला. अप्पांना घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

नोकने बाजाराच्या ऑफिसात जाऊन माइकवरून आईचं नाव पुकारलं. "किर्चा, किर्चा," असं काहीतरी ऐकू आलं. आम्ही थांबलो. माणसं येत होती, जात होती. घरी आईशिवाय गेलो तर? दार कोण उघडणार, चूल कोण पेटवणार, आजी विचारेल तेव्हा मी काय तोंड दाखवणार? कोणी तिला गाडीत घातलं असेल तर? ती ओरडली तर कुणाला कळेल?

धाऊशेठ हळूच अप्पांना म्हणाले, "सुदाम, मी म्हणत होतो. म्हणूनच बायकांना आणत नाय."

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते मला म्हणाले, "तिला सांगितलं होतंस ना टॉवरचं?"

"सांगितलं होतं."

"मग यायला पाह्यजे होती."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती येणारच नाही.

माझं आजोळ डोळखांबच्या वर, रानाच्या कडेला. तिथे उन्हाळ्यात आम्ही करवंदांना जातो. आई आम्हा पोरांना दर वेळी एकच गोष्ट सांगते. चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाय. दोघं हलली की दोघं चुकली. ज्याला माणूस दिसेनासा झाला त्याने बसून राहायचं आणि कूक द्यायची. कूक म्हणजे लांबून मारायची हाक, तोंडाभोवती हात धरून, पोटातून. समोरून कूक आली की त्या बाजूने शोधणाऱ्याने जायचं.

"अप्पा, ती बसलीय. जिथे मी दिसेनाशी झाले तिथेच बसलीय."

"कुठं पण?"

तेच तर मला माहीत नव्हतं.

अप्पांना टॉवरखाली ठेवून मी पुन्हा त्या गल्ल्यांत शिरले. नोक माझ्यासोबत आली. एका चौकात मी थांबले. गोरे टुरिस्ट, शाळेच्या मुली, बर्फाची गाडी. मी तोंडाभोवती हात धरले. पहिली कूक धड निघालीच नाही. शाळेच्या मुली खिदळल्या. डोळे मिटून दुसरी दिली.

"कूऽऽऊक."

उत्तर नाही. नोक माझ्याकडे अशी बघत होती, जणू आता दोन बायका शोधाव्या लागणार. पुढच्या चौकात पुन्हा. मग त्याच्या पुढच्या. आता कोण हसतंय ते मी बघत नव्हते.

आणि लांबून आली. कूक. बारीक, वर चढत गेलेली.

पण तो आईचा आवाज नव्हता.

आईचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मग ही कोण? आईची कूक दुसऱ्या कुणाच्या तोंडात कशी? मी पुन्हा दिली, पुन्हा तोच परका आवाज आला. मी त्या दिशेने नुसती धावले, कुंड्यांना ठेचकाळत.

एका दुकानात विळे, कोयते, खुरपी टांगलेली होती. खाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर आई बसली होती. शेजारी एक म्हातारी थाई बाई तोंडाभोवती हात धरून, मान मागे टाकून, तिसरी कूक द्यायच्या तयारीत होती.

मी आईच्या गळ्यातच पडले. ती बोलायला गेली तर आवाजच फुटेना. "कधीची देत्येय गो," ती घोगरी कुजबुजली. "घसा गेला. मग हिनं धरली."

"टॉवरला का नाही आलीस?"

"मी तिकडं आले असते आणि तू हिकडं आली असतीस तर?"

कोयते बघायला ती क्षणभर थांबली होती, तेवढ्यात मी पुढच्या गल्लीत वळले होते. ओळखीचा कोयता दिसला म्हणून थांबली, एवढंच. म्हातारीने तिला तिखटमीठ लावलेला पेरू कापून दिला होता. त्याची एक फोड आईने रुमालात माझ्यासाठी ठेवली होती.

नोक पुढे धावली, अप्पांना कळवायला. आई म्हणाली, "मला वाट ठावूक हाय." खरंच ठाऊक होती. निळ्या बादल्या, मग लाकडी हत्ती, मग पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी. आणि तिथे आई थबकली. पिंजरा रिकामा होता. कोंबडी विकली गेली होती. आई या गल्लीकडे बघे, त्या गल्लीकडे बघे. रानातलं झाड कुणी विकत नेत नाही.

मी मान वर केली. पत्र्यांच्या फटीत टॉवरचं टोक होतं. "हिकडं," मी म्हटलं.

आम्हाला बघून अप्पा टॉवरच्या खालच्या पायरीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. मग उठून म्हणाले, "झालं तेवढं बास. उद्या तुमी दोघी हॉटेलवर. दार लावून बसायचं."

"मिळालं का गो उत्तर?" धाऊशेठनी मला विचारलं.

मी आईकडे बघितलं. ती रुमालाची गाठ सोडत होती. घोगऱ्या आवाजात ती अप्पांना म्हणाली, "त्या बाईचा पेरू खाल्लाय मी. हाटेलातल्या बॅगेत नाचणीचे लाडू हायेत. परक्याचं खाऊन रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मी पाकिटातून हॉटेलचं कार्ड काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"अप्पा, आई, मी ठरवलंय. उद्या आम्ही दोघी हॉटेलवर बसणार नाही. लाडू घेऊन परत इथेच येणार. आई मागे बघणार, मी वर बघणार. आणि अप्पा, तुम्हाला यायचं असेल तर आधी कूक शिकून घ्या."