त्रेचाळिसावी माळ

मुरलीधर नगरकरांनी आयुष्यात लबाडी केली ती एकच, आणि तीही त्यांना धड जमली नाही.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर बँकेची सर्व्हर रूम होती आणि अठरा वर्षं मुरलीधर तिचे सर्वेसर्वा होते. सर्वेसर्वा म्हणजे किल्ली त्यांच्याकडे असे आणि एसी बिघडला की बोलणीही तेच खात. आता मात्र बँक आधुनिक होणार होती. इंदिरापुरम, द्वारका, गुडगाव, जिथे कालपरवापर्यंत मोहरी डोलायची तिथे वीस-वीस मजली सोसायट्या उठल्या होत्या आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटाशी बँकेला शाखा उघडायची होती. जुनी यंत्रं एवढा भार पेलेनात, वीज मात्र खंडीभर खात. तेव्हा असं ठरलं, की बेचाळीस जुन्या सर्व्हरांचं काम नोएडातले आठ नवे सर्व्हर करतील, चौथा मजला मालकाला परत जाईल आणि खर्च निम्म्यावर येईल.

माणसांचंही त्याच हिशेबानं ठरलं होतं. बारापैकी पाच जण नोएडाला जाणार, बाकीचे कुठल्या कुठल्या शाखांत. मुरलीधरांच्या वाट्याला बरेली येणार अशी कुजबुज होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, मुलाची, साकेतची, बारावी, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बायकोचा, शुभदाताईंचा, बालवर्ग, आणि हे बरेलीत एक खोली घेऊन कुकरच्या शिट्ट्या मोजत बसणार.

हे सगळं स्थलांतर पार पाडायला सल्लागार कंपनीनं उल्का केतकरला पाठवलं होतं. पुण्याची, एकोणतीस वर्षांची, चालताना बोलणारी आणि बोलताना टाइप करणारी. पहिल्या दिवशी ती 'नगरकर सर' म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं आणि 'काका' म्हणू लागली. नोएडाला कोणी जायचं याची शिफारस तीच करणार होती, पण त्याबद्दल विचारणं मुरलीधरांना कमीपणाचं वाटे. ते आपले रोज एक थालीपीठ जास्त आणत.

बँकेच्या दप्तरातली यंत्रांची यादी इतकी जुनी होती की तिच्यातली निम्मी यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. म्हणून उल्का मुरलीधरांना घेऊन खोलीभर फिरली. ते एकेका सर्व्हरची कुंडली सांगत गेले, ती लिहीत गेली. बेचाळिसाव्यापाशी ते थांबले.

"झालं, काका?"

"झालं. बिल्कुल झालं," मुरलीधर म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

झालं नव्हतं. कोपऱ्यात, मरून पडलेल्या प्रिंटरच्या मागे, टेबलाखाली आणखी एक यंत्र गुरगुरत होतं. त्याचं नाव मावशी. घरात एखादी मावशी असते, सगळ्यांचं करते आणि फोटोत मात्र कुठेच नसते, तशातली ती. पिथौरागढच्या वरच्या डोंगरांतल्या अकरा शाखा रोज संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून दिवसभराचा व्यवहार तिच्याकडे पाठवत आणि ती तो मोठ्या यंत्रांना समजेल असा करून पुढे देई. तेव्हाच्या साहेबानं मंजुरी दिली नाही म्हणून मुरलीधरांनी ती सुट्या भागांतून स्वतः जुळवली होती. त्यामुळे कागदावर ती कुठेच नव्हती. ती होती फक्त मुरलीधरांच्या डोक्यात.

आणि तिथेच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. बेत सोपा होता. यंत्रं हलतील, मावशी बंद पडेल, अकरा शाखा आंधळ्या होतील. नोएडातले ते तरणेबांड इंजिनिअर डोकं धरून बसतील. मग कोणीतरी विचारेल, हे कोणाला माहीत होतं? आणि बरेलीत फोन वाजेल. फोनवर आपण काय म्हणायचं तेसुद्धा मुरलीधरांनी आंघोळ करताना तयार केलं होतं: "बघतो. सध्या इथे जरा कामात आहे."

एवढ्यात खंडेनवमी आली.

ही पूजा मुरलीधरांनीच या खोलीत आणली होती. शिपाई रामसेवक वर्षानुवर्षं विश्वकर्म्याची पूजा करायचा आणि त्याला हा महाराष्ट्राचा आगाऊपणा वाटे. शेवटी दोघांनी तह केला: सप्टेंबरात त्याची पूजा, नवमीला यांची, लाडू दोन्हीकडे. नवमीला प्रत्येक यंत्राला हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूची एक माळ. माळा दरवर्षी मुरलीधर स्वतः आणत. या वर्षी उल्का म्हणाली, "काका, या खोलीतली शेवटची पूजा आहे ना, फुलं माझ्याकडे. किती माळा आणू?"

मुरलीधर पुन्हा चष्मा पुसू लागले. "बेचाळीस," ते म्हणाले.

त्रेचाळिसावी माळ त्यांनी आदल्या संध्याकाळी गुपचूप विकत घेतली आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी फ्रिजमध्ये भाज्यांमागे दडवली. सकाळी डबा भरताना शुभदाताईंना ती सापडली. नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून काही सुचलं म्हणून त्यांना भरून आलं आणि त्यांनी ती कौतुकानं दारावर बांधली. मुरलीधर दारातूनच बाहेर पडले, पण वर बघायची त्यांना सवय नव्हती. मेट्रोच्या अर्धवट खांबांमधून बस नेहरू प्लेसला पोचली तेव्हा पिशवीत फक्त डबा निघाला.

पूजा झाली. रामसेवकानं नारळ फोडला. उल्कानं एकेक माळ हातात द्यावी आणि मुरलीधरांनी ती घालावी, असं करत बेचाळीस यंत्रं सजली. टोपली रिकामी झाली. सगळे लाडवांकडे वळले.

मुरलीधर मात्र वळेनात. प्रिंटरमागून मावशीची गुरगुर ऐकू येत होती. तेरा वर्षं तिनं एक दिवस खाडा केला नव्हता आणि आज तिच्या अंगावर पाकळीसुद्धा नव्हती. त्यांना लाज वाटली. मग त्यांना ती वरची शाखा आठवली, तार जोडायला ते गेले होते ती. काउंटरसमोर एक म्हातारी बसली होती. पेन्शनसाठी दोन तास चालत आली होती, आणि आपण दमलोय हे न सांगता यांनाच चहा पाजत होती. तिला कोणी 'सिस्टम डाउन है, कल आना' म्हणालं तर ती परत दोन तास खाली आणि उद्या दोन तास वर. बेत करताना ही म्हातारी कशी आठवली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

ते पहिल्या यंत्रापाशी गेले, त्याची माळ काढली आणि गुडघे टेकून टेबलाखाली शिरले.

"काका, काय पडलं?" उल्का वाकून बघू लागली. मग तिला हिरवा दिवा दिसला. "हे काय आहे?"

"मावशी," टेबलाखालून आवाज आला. "त्रेचाळिसावी."

पाच मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं: अकरा शाखा, टेलिफोनची तार, साहेबाची न झालेली सही. उल्काच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बापरे. शनिवारी आपण वीज तोडणार होतो. बरं झालं आठवलं तुम्हाला. यादी करताना राहून गेली ना?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. मुरलीधर कपाळाचा घाम पुसत उभे राहिले. "राहून नाही गेली. मुद्दाम सांगितली नाही. बरेलीहून मला परत बोलवाल म्हणून."

उल्कानं लॅपटॉप उघडून तो त्यांच्याकडे फिरवला. "नोएडाची पाच नावं मी सोमवारीच पाठवली. पहिलं तुमचं आहे. शेजारचा रकाना वाचा, कारणाचा."

मुरलीधरांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'या खोलीतलं एकही यंत्र या माणसानं माझ्यापासून लपवलं नाही.'

त्यांनी दोनदा वाचलं. "ते खोड," ते म्हणाले. "खोटं आहे ते."

"सोमवारी होतं," उल्का म्हणाली. "आता कशाला खोडू?"

तिनं यादीखाली त्रेचाळीस आकडा टाकला, पुढे 'मावशी' असं लिहिलं आणि मग लाडवाचं ताट त्यांच्यापुढे धरलं.