चाळीस कानांचा भित्रा

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. उंदराला भितो, जनरेटरला भितो. युरियाच्या रिकाम्या पोत्याला तर इतका भितो, की नुसता खताचा वास आला तरी माझे दिवे लुकलुकायला लागतात.

सिंथेसायझर म्हणजे पेटीचा लांबचा परदेशी भाऊ समजा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तिच्यासारख्याच, पण भाता नाही, पोटात वीज खेळते. छातीवर चाळीसभर गोल बटणं. लोक त्यांना बटणं म्हणतात, मी कान म्हणतो, कारण ते पिळल्याशिवाय मी गातच नाही. एक पिळला की आवाज जाडा, दुसरा पिळला की बारीक, तिसरा पिळला की वारा सुटल्यासारखा. वर आणखी वायरी, या भोकातून त्या भोकात; त्या उपटल्या तरी मी गातो, पण भलतंच. माझ्याकडे तयार आवाज एकही नाही. जो पाहिजे तो कान पिळून पिळून घडवायचा. आणि घडवलेला आवाज माझ्या डोक्यात राहत नाही बरं का! कान हलले की गेला.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. मला पहिल्यांदा वाजवून बघितलं, तर छपरावर बसलेल्या कबुतराने घाबरून अंडं घातलं. कबूतर नर होतं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

तिथून मी आलो नगरला, अंगदच्या स्टुडिओत. अंगदने मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि ज्याला सगळ्यांत जास्त बटणं तोच मागवला. आपल्याला वाजवायचं काय, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. पाहुणे आले की माझे दिवे लावायचा, पाहुणे "अबब" म्हणायचे, की दिवे बंद. तेवढ्या कौतुकावर मी दिवस काढले. मग कौतुकही आटलं. एक दिवस त्याने मला युरियाच्या पोत्यात घातलं, तोंडाला सुतळी बांधली आणि माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, तो अंधार आठवला की अजून माझ्या पट्ट्या गार पडतात. एक उंदरीण माझ्याच पोटात बाळंत झाली. तिच्या पोरांतल्या धाकट्याला गाण्याचं अंग होतं. तो फक्त खर्जाचीच वायर कुरतडायचा. मी ओरडणार कसा? पट्टीवर कुणाचं बोट नसेल तर माझ्या तोंडून आवाज फुटत नाही.

मग माधुरी आली. श्रीगोंद्याकडची, साथीला गायला स्टुडिओत यायची. तिने पोतं उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाली, "अंगददादा, हा पडूनच हाय का? आमच्या पेटीचा भाता फाटलाय, जयंती तोंडावर आलीय."

"घेऊन जा," अंगद म्हणाला. "जयंतीपर्यंत वापरून बघ. जमलं तर ठेव, नाही जमलं तर आणून टाक माळ्यावर."

आणून टाक माळ्यावर! त्या दिवसापासून मला झोप नाही.

माधुरीचे वडील उत्तमराव गायन पार्टी चालवायचे. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "इतकी बटनं? आपल्याला गानी वाजवायचीत का इमान उडवायचंय?"

"पप्पा, शिकंन की मी."

"शीक. पन मला पेटीवानी आवाज पायजे. त्यो न्हाई निघाला, तर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ह्याला नगरला धाड."

पोरगी बिचारी रोज माझ्यापुढे बसायची. कान पिळायची, वायरी बदलायची, ऐकायची, पुन्हा पिळायची. ढोलकीवाला भीमराज दारात बसून खो खो हसायचा. "माधे, आमच्या म्हशीच्या पोटात कळ आल्ती तवा ती आसंच वरडत हुती बघ!"

"भीमादादा, तू ढोलकीला शाई लाव, मला शिकवू नको."

मी जीव तोडून पेटी व्हायला बघत होतो. पण मी पेटी नव्हतो, त्याला काय करणार? तरी शेवटी सर्दी झालेल्या पेटीसारखा एक आवाज निघाला. माधुरी एवढी खूश झाली, की तिने कुणालाही मला हात लावू दिला नाही. मला वाटलं, वाचलो.

जयंतीच्या दुपारी सगळे निळ्या पताकांच्या मांडवाकडे गेले. घरात उरलो मी आणि माधुरीची आजी, चांगुणाबाई. तिने उभी हयात साखर कारखान्यात झाडलोट केलेली. वेडंवाकडं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. ओलं फडकं घेऊन ती माझ्यापुढे बसली.

"आगं बया! एक बटन हिकडं तोंड करून, एक तिकडं. कुनी वळन लावलं का न्हाई तुला?"

मित्रांनो, माझी वीज गोठली. तिने एकेक कान पुसला आणि एकेक सरळ केला. सगळ्यांच्या पांढऱ्या रेघा वर, आभाळाकडे. वायरी उपटल्या, गुंडाळ्या केल्या, माधुरीच्या रिबिनीने बांधल्या. मी आतल्या आत बोंब मारत होतो, अगं आजी, तो आवाज आहे, घाण नाही! पण पट्टीवर बोट कुठे होतं?

"आता कसं, शाळंतल्या पोरांवानी रांगंत!" ती म्हणाली आणि धूळ बसू नये म्हणून मला पोत्यात घातलं. त्याच पोत्यात!

माधुरी धावत आली आणि पोत्यासकट मला उचलून घेऊन गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज, खाली जनरेटर धडधडतोय, पुढे सगळी वस्ती बसलेली. भीमराजने माइकवर सांगूनही टाकलं, "आता ऐका, आमच्या माधुरीचा नवा बाजा!" तेव्हा कुठे तिने पोतं काढून मला जनरेटरला जोडलं. बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"आज्जे, ह्ये काय केलंस?"

"काय म्हंजे? नीट केलं!"

उत्तमराव दातांवर दात ठेवून म्हणाले, "माधे, मानसं बसल्यात. वाजीव."

तिचं बोट पट्टीवर पडलं आणि माझ्यातून जो आवाज निघाला तो पेटीचा नव्हता. जमिनीतून उठला, जाडा होत होत वर चढला आणि तिथेच थांबून राहिला. ऊंऽऽऽ.

तो भोंगा होता. जुन्या साखर कारखान्याचा! कारखाना बंद पडून कैक वर्षं झालेली, पण त्या भोंग्यावर तिथली अख्खी पिढी उठली, जेवली, झोपली होती. कुणीतरी म्हणालं, "कामाची पाळी झाली का काय रं?" दोन म्हातारे उभेच राहिले. तिसरे डबा आणायला घरी पळाले. ते अजून डबा शोधतायत म्हणे.

उत्तमरावांचा हात पोत्याकडे गेला. मी बघितलं ते. संपलं, मला वाटलं, माळा, सुतळी, उंदीर.

भीतीने माधुरीचं बोटही पट्टीवरच थिजलं होतं. ती ते काढणार, तेवढ्यात चांगुणाबाई ट्रॉलीवर चढली. माइक ओढून घेतला.

"बोट काढू नगं, माधे. ऱ्हाऊ दे."

आणि माझ्या सुराला सूर लावून म्हातारीने गाणं धरलं. कुठे लिहिलेलं नाही, तिचं तिनेच जोडलेलं.

"भोंगा झाला गं पोरी, पाटी घे, हो फुडं,
उसापरीस ग्वाड माझ्या बाबाचं अक्षर गं..."

उत्तमराव खालीच बसले. लहानपणी भोंगा झाला की आई एका हातात झाडू घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्यांना शाळेकडे ढकलायची. भीमराज हसायचा विसरला. त्याची ढोलकी हलकेच आत आली. माधुरीने एक कान जरासा पिळला, भोंगा मऊ झाला आणि म्हातारीच्या आवाजाखाली सतरंजीसारखा पसरला. मी दुसरं काही केलं नाही. घाबरत घाबरत एक सूर धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी गेली. मी घरीच होतो. उत्तमराव म्हणाले, "चूक माझी. मी ह्याला पेटी हो म्हनत बसलो. पेटीचा भाता शिवून आनतो. तिचं काम ती करंल, ह्याचं ह्यो."

अंगदचा फोन आला, "जमला का?"

"पेटी म्हणून न्हाई जमला," माधुरी म्हणाली. "पण याच्या आवाजाचं गाणं आमच्या घरातच हुतं. ठेवून घेते."

मित्रांनो, बटणं किती यावर भुलून यंत्र घरी आणू नका. आपल्याजवळ गाणं कोणतं आहे ते आधी बघा. आणलंच तर वाजवा. नाही जमलं तर ज्याला जमेल त्याच्या हातात द्या. पण पोत्यात घालू नका हो, आत फार अंधार असतो.

ते पोतं आता फाडून माझ्या खोळीला अस्तर म्हणून लावलंय, वरून चांगुणाबाईच्या लुगड्याचं कापड. आणि प्रत्येक कानाशेजारी माधुरीने एकेक लाल टिकली चिकटवलीय, भोंग्यासाठी तो कान कुठवर पिळायचा त्याची खूण म्हणून. तरी दुपारी म्हातारी फडकं घेऊन आली, की माझे दिवे लुकलुकतातच. ती एकेका टिकलीला वळसा घालून पुसते आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणते, "भिऊ नगं रं. पिळीत न्हाई."