खिडकी नसलेली केबिन

"मशीनरूम कुठे आहे?" मी विचारलं.

ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवरची मुलगी गोंधळली. "कसली मशीनरूम, काका?"

"लिफ्टची. बारा मजल्यांचं जहाज म्हणताय, म्हणजे लिफ्ट असणारच. तिच्या भिंतीला लागून केबिन नको. रात्रभर आवाज येतो."

"काका लिफ्टमध्ये होतात वाटतं?"

"चाळीस वर्षं. पण लिफ्टमध्ये नाही. लिफ्टमध्ये लोक असतात, आम्ही दुरुस्तीवाले लिफ्टच्या खाली नाहीतर डोक्यावर."

मुलगी मनापासून हसली. शेजारच्या खुर्चीवर बसलेली आमची ही हसली नाही. हा विनोद मी लग्नाच्या आधीपासून करत आलोय, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. ती चष्मा लावून जहाजाचं माहितीपत्रक वाचत होती, पहिल्या पानापासून, एकेक ओळ.

मागच्याच महिन्यात मी निवृत्त झालो आणि त्याच दिवशी जाहीर केलं की आपण सहा रात्रींच्या क्रूझवर जायचं, तेही बाल्कनीच्या केबिनमध्ये. लेकीने फोनवर टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." सगळ्यांना वाटलं, बाबांना समुद्राची हौस. आयुष्य चार भिंतींच्या उभ्या बोगद्यात गेलं, माणसाला मोकळी हवा हवीशी वाटणारच. मीही तसंच वाटू दिलं.

खरं कारण समुद्र नव्हतं. मला हिच्याशी बोलायचं होतं. आता कोणी म्हणेल, बायकोशी बोलायला जहाज कशाला? पण आमच्या घरात हिच्याशी बोलायचं म्हणजे हिच्या पाठीशी बोलायचं. नळ चालू असतो, हातात काहीतरी असतं, आणि ही म्हणते, "बोला, ऐकतेय." बाल्कनीत नळ नसतो. दोन खुर्च्या असतात आणि समोर पाणी. तिथे हिच्या हातांना काहीच काम नसेल, मग मी सांगेन, असं ठरवलं होतं.

सांगायचं होतं ते एकोणीस वर्षं राहून गेलंय. हिची आई गेल्याचा निरोप आला तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. मी कामावर होतो. हिने फोन केला, तर मी म्हणालो, "आईची काही सोय लागेपर्यंत थांब." सोय लागायला तिसरा दिवस उजाडला. ही पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पाचव्या दिवशी परत आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या आईची चादर बदलायला गेली. एका शब्दाने बोलली नाही. मीही नाही बोललो. तेव्हा मला वाटलं, चला, निभावलं.

मुलीने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. जहाजाच्या बरोबर मधली केबिन होती. "इथे जहाज सगळ्यात कमी हलतं," ती म्हणाली. काचेचं दार, पलीकडे छोटी बाल्कनी, दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल. अगदी मनात होती तशी.

"ठरलं. हीच द्या," मी म्हणालो.

"काकू, तुम्हाला पण आवडली ना?"

उत्तर मला पाठ होतं. पण हिने माहितीपत्रक पुढे सरकवलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ही आतली केबिन. हिला खिडकी नाही?"

"नाही काकू, ती पूर्ण आत असते. तिथून काहीच दिसत नाही."

"दार आतून लागतं ना?"

"हो, लागतं की."

"आणि एका माणसाला देतात?"

"देतात, थोडी महाग पडते. तुमच्याबरोबर अजून कोण आहे?"

"कोणी नाही. मला हवीय."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी हिच्याकडे. ही चष्मा पुसत होती.

मी हिला बाहेर घेऊन आलो. जिन्यापाशी भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर बसलो. माझे कान तापले होते. "हे काय काढलंस? परक्या पोरीसमोर?"

"तिने विचारलं म्हणून सांगितलं."

"घरी मला सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलं नाहीत," ही म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण तिने ते नुसतं सांगितलं, गॅस संपलाय हे सांगावं तसं.

"मी घोरतो म्हणून?"

"घोरता. पण त्याचं काही नाही."

"मग?"

ती जिन्याकडे बघत म्हणाली, "लग्न झालं तेव्हा एका खोलीत आपण, तुमची आई आणि मधे पडदा. मग मुलगी झाली. मग अकरा वर्षं मी आईंच्या पलंगाशेजारी खाली झोपले. त्या गेल्या तेव्हा तुमची छाती भरून यायला लागली, रात्री उठून बघायचं, श्वास नीट चाललाय ना. अडतीस वर्षांत एक रात्र मी एकटी झोपलेली नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चार रात्री दवाखान्यात होते, वीस खाटांच्या खोलीत. तिथे मला फार छान झोप लागली. कोणासाठी उठायचं नव्हतं."

"ते औषधांमुळे," मी म्हणालो. मूर्खासारखं.

"असेल. मी बाथरूममध्ये जाऊन बसते ना, तासभर, तुम्ही दार वाजवता?"

वाजवतो. 'आत मुक्काम केलास का,' असं ओरडून विचारतो. पाहुणे असले की जरा मोठ्याने, म्हणजे तेही हसतात. आजवर मला वाटत होतं की हिला कपडे धुवायला वेळ लागतो.

"तिथे मी नुसती बसते," ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. बाल्कनी नाही, समुद्र नाही, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, आणि त्या बाकावर मी एकोणीस वर्षांचं बोलून टाकलं. तुझ्या आईच्या वेळी मी चुकलो. मी थांबायला हवं होतं माझ्या आईपाशी, रजा टाकून. मिळाली असती रजा. मागितलीच नाही. वरातीमागून घोडं ते हेच, हे कळत होतं, तरी बोललो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा. "त्याचं आता काय हो. कधीच झालं ते."

"तू रागावली होतीस ना? अजून आहे राग?"

"राग असता तर भांडले नसते का? तुम्ही वाईट नाही. प्यायला नाहीत, हात उगारला नाहीत, पगार आणून दिलात." मी पुढच्या 'पण'ची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. "मी दमलेय, एवढंच."

तिने राग धरला असता तर मी तो काढला असता. समजूत घालायला काहीतरी लागतं. इथे काही उरलंच नव्हतं. मी ज्याची माफी मागत होतो ते तिने केव्हाच टाकून दिलं होतं, आणि बहुतेक त्याबरोबर मलाही.

"आणि परत आल्यावर?" मी विचारलं.

"आल्यावर काय, घर आहेच की." तिने हात काढून घेतला. "सहाच रात्री मागतेय. तुम्ही घ्या ना बाल्कनी, तुम्हाला हौस आहे."

"एकटा बसून समुद्राशी काय बोलू?"

"मग दोन आतल्या घेऊ. त्या दोन मिळून तेवढ्यातच बसतात, मी बघितलंय." म्हणजे तिने हिशेबही करून ठेवला होता. "पण नाहीच पटत असेल तर राहू दे. तुम्ही म्हणाल तसं."

आत आल्यावर मी मुलीला म्हणालो, "दोन द्या. आतल्या." आवाज बरा निघाला.

मुलगी भली होती. खटाखट बटणं दाबली आणि तिचा चेहरा उजळला. "काका, मस्त मिळाल्या! अगदी शेजारशेजारच्या. आणि दोन्हींच्या मधे दार आहे, आतल्या आतच. वाटलं तर उघडं ठेवायचं. म्हणजे एकत्रच राहिल्यासारखं."

मधे दार. मी ठोठावणार नाही, मनाशी म्हटलं. एखाद्या संध्याकाळी तीच उघडेल. सहातल्या एका तरी. नाही म्हटलं तरी माणूसच आहे, कंटाळेल, विचारेल, अहो, जेवलात का? मी हिच्याकडे बघितलं. ती पडद्यावरच्या त्या दोन चौकोनांकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ती आली असती, सहा रात्री त्या दाराकडे कान लावून झोपली असती, आणि मला एकदा खोकला आला असता की उठली असती.

"मधे दार नको," मी म्हणालो.

"पण काका, जास्त पैसे पडत नाहीत त्याचे."

"नको. लांबच्या द्या. एक एका मजल्यावर, दुसरी दुसऱ्या."

ही माझ्याकडे वळली. बराच वेळ बघितलं तिने. मी लग्नानंतर एवढा वेळ तिला माझ्याकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग तिने मुलीकडे पेन मागितलं आणि फॉर्म भरायला घेतला. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवणार, तोवर तिने सही केलीही होती.

मुलीने दोन कागद छापून टेबलावर ठेवले. हिने आपला उचलला, नंबर वाचला, चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली. मुलीचे आभार मानून ती निघाली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो.

"काका," मुलीने हाक मारली, "तुमची केबिन राहिली."

मी परत जाऊन कागद घेतला. बाहेर आलो तर ही जिना उतरून रस्त्याला लागली होती आणि चांगली भरभर चालत होती.