सरकार विरुद्ध टोल्के

प्रीतमला जर्मन गुन्हेगार केलं ते त्याच्या डोळ्यांमुळं. डोळे घारे. नांदेडात घाऱ्या डोळ्यांचं माणूस नाटकवाल्यांच्या तावडीत सापडलं की त्याचा इंग्रज कलेक्टर होतो, नाहीतर बालनाट्यात बोका. प्रीतमचं दोन्ही करून झालं होतं. यंदा माधवरावांनी त्याला एर्विन टोल्के केलं.

माधवराव म्हणजे इतिहासाचे निवृत्त सर. नाटकाचे लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नाटकातले न्यायाधीशही तेच. टोल्के हा माणूस त्यांनी मनानं काढला होता, पण बोलायचे असं की जणू गेल्या वर्षीपर्यंत त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहत होता. तर हा टोल्के आधी भूगोल शिकवायचा. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी झाला, आणि स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातली माणसं त्यानं धान्याच्या कोठारात कोंडून कोठार पेटवून दिलं. लढाई संपल्यावर घरी येऊन फुलांची नर्सरी काढली. नावसुद्धा बदललं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. वीसेक वर्षांनी कोर्टाला जाग आली, तोवर टोल्केला हृदयविकार, संधिवात आणि चांगला वकील असं सगळंच झालेलं. शेवटी डॉक्टर लिहून देतो, की आरोपी खटल्याला उभा राहू शकत नाही. खटला बंद. टोल्के पुढं कैक वर्षं ट्युलिप विकतो. पडदा.

"सर, शेवट बदला ना," प्रीतम तालमीत म्हणाला होता.

"इतिहास बदलता येत नसतो."

"पण टोल्के तर तुम्हीच काढलाय."

"टोल्के मी काढला. शेवट नाही. असे ढिगानं सुटलेत."

ते प्रीतमलाही ठाऊक होतं. त्यासाठी जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. तो पहिलीत असताना इस्लापूरजवळच्या त्यांच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून भांडण झालं आणि त्यांचं घर पेटलं. आत त्याची आत्या होती, चांगुणा. कुणी पेटवलं ते प्रीतमच्या वडलांनी, ग्यानोबांनी, डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस गावातला वजनदार. केस उभी राहिली. दर तारखेला ग्यानोबा एकच पांढरा सदरा घालून कोर्टात जायचे, पुकारा झाला की "हाजिर, साहेब" म्हणायचे, आणि मग कळायचं की आरोपी दवाखान्यात हाय, पुढच्या तारखेला या. आरोपीला दवाखाना चांगलाच मानवला. अशी वर्षं गेली, आणि एके दिवशी तो घरच्या पलंगावर, सुनेच्या हातचा चहा पिऊन, निवांत मेला. केसही त्याच्यासोबत गेली. ग्यानोबांची साक्ष घ्यायची तेवढी राहून गेली. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि तो सदराही अंगात घातला नाही.

म्हणून प्रीतमनं वडलांना नाटकाचा पत्ताच लागू दिला नव्हता. तेच सगळं पुन्हा, तेही पोराला आरोपीच्या खुर्चीत बसवून, त्यांनी कशाला बघायचं?

स्पर्धा लातूरला होती, सकाळी. केसांना पांढरी पावडर फासून प्रीतमनं पडद्याच्या फटीतून बघितलं, तर तिसऱ्या रांगेत ग्यानोबा. पांढरा सदरा.

तो तसाच, पावडरीसकट, खाली पळाला.

"आबा, तुम्ही कसे आलात?"

"यष्टीनं."

"तसं न्हाई. सांगितलं कुणी?"

"तुज्या बायकोनं. म्हनली, त्यांचं कोर्ट हाय लातुराला."

"नाटक हाय, आबा. लई बेकार हाय. चला, तुम्हाला चहा पाजतो, तिकडंच बसा."

"कोर्टातून मधीच उठत नसतेत," ग्यानोबा म्हणाले आणि मांडीवरची पिशवी सारखी केली.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात प्रीतमला गुडघ्यावर घोंगडी घेऊन व्हीलचेअरमध्ये बसायचं आणि खोकायचं, एवढंच काम. दमलेल्या माणसाला ते जमतं. टोल्केच्या वकीलबाई सौदामिनी, डॉक्टरचा कागद हातात घेऊन तयार उभ्या. त्याआधी फक्त एक साक्ष व्हायची होती. त्या कोठारातून वाचलेला एकुलता एक माणूस, यानो बाबियाक.

यानो बाबियाक नाट्यगृहात नव्हता. ते काम संगप्पाकडं होतं आणि संगप्पाची सासरवाडी लातूरची. सकाळी नुसतं तोंड दाखवून येतो म्हणून दाढी लावूनच गेला होता. विंगेतून कुणीतरी फोन लावला तर म्हणे, "निघूनच राहिलो, पण सासूबाईनं आणखी एक पोळी वाढली."

हे स्टेजवरच्यांना कुठं माहीत? वेळ झाली तसा वीरेश पुढं आला. वीरेश धर्माबादच्या मार्केटात मालाचा लिलाव पुकारायचा, म्हणून नाटकात कोर्टाचा शिपाई. जर्मनीत पुकारा करतात की नाही हे माधवरावांना माहीत नव्हतं, पण पुकाऱ्याशिवाय ते कोर्ट त्यांना कोर्ट वाटेना.

"यानो बाऽऽऽ..." इथं वीरेशचा दम संपायचा. मग खाली आवाजात, "...बियाक हाजिर होऽऽ!"

कुणी आलं नाही. वीरेशनं विंगेत बघितलं. विंगेतून कुणीतरी हातानंच पोळी खाऊन दाखवली. वीरेशला काही उमगलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा तर बाबियाकचा नादच सोडला.

"यानोबाऽऽ हाजिर हाय काऽऽ?"

"हाजिर, साहेब."

तिसऱ्या रांगेतून ग्यानोबा उठले. उठायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. पायऱ्यांशी चपला काढल्या, स्टेजवर आले आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हात बांधून उभे राहिले. प्रेक्षकांना वाटलं प्रायोगिक असेल. टाळ्या पडल्या.

प्रीतम खोकायचा थांबला. माधवरावांनी आयुष्यभर शाळा हाकली होती. वर्गात रेडकू शिरलं तरी त्यांनी धडा थांबवला नव्हता.

"खरं सांगणार?"

"तेवढंच सांगायला आलो."

"समोरच्या आरोपीला ओळखता?"

ग्यानोबांनी डोळे बारीक करून व्हीलचेअरकडं पाहिलं.

"हाव. माझं पोरगं हाय."

सगळं नाट्यगृह हसलं. ग्यानोबा हसू विरेपर्यंत थांबले. कोर्टात थांबायची त्यांना सवय होती.

"पन ह्यानं न्हाई केलं, साहेब. ज्यानं केलं त्याला बी मी वळखतो. कडी भाहेरून लावली व्हती. म्या बघितलं. मला चौघांनी धरलं व्हतं. चांगुणा आतून माझ्या नावानं पुकारत व्हती. 'ग्यानोबा, ग्यानोबा' म्हनून. म्या 'हाव' म्हनत व्हतो. तिला ऐकू गेलं का न्हाई..."

पुढचं त्यांना सापडेना. हात पिंजऱ्याची लाकडी पट्टी शोधू लागले. ती पुठ्ठ्याची होती, वाकली.

प्रीतम व्हीलचेअरमधून उठला. घोंगडी खाली पडली. दोन ढांगांत पलीकडं जाऊन त्यानं वडलांचा दंड धरला.

"आबा, बसा. माझ्या खुर्चीत बसा."

ग्यानोबा टोल्केच्या खुर्चीत बसले. सौदामिनीबाईंना आपलं वाक्य आठवलं. पाठांतर पक्कं असलं की हा त्रास होतो.

"महोदय, डॉक्टरांच्या दाखल्यानुसार माझे अशील जागेवरून उठूच..." त्यांनी शेजारी बघितलं. अशील ताठ उभा होता. "म्हणजे... आत्तापर्यंत उठू शकत नव्हते."

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतिहास बदलता येत नाही, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं प्रीतमला स्पष्ट दिसलं.

"आरोपी स्वतःच्या पायांवर उभा आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या. खटला चालेल."

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि पडदा पडला. पाठोपाठ दाढीवाला संगप्पा विंगेत शिरला. हातात डबा होता. सासूबाईंनी सगळ्यांसाठी पोळ्या दिल्या होत्या.

बक्षीस काही मिळालं नाही. परीक्षक निघताना म्हणाले, विषय चांगला, पण साक्षीदाराचं काम जरा कृत्रिम वाटलं.

दुपारी गाडीनं अहमदपूर सोडलं. टपावर व्हीलचेअर बांधलेली. आत सगळे पोळ्या खाऊन पेंगलेले. प्रीतमच्या केसांतली पावडर घामानं कपाळावर उतरली होती, पण पुसायचं त्राण नव्हतं. शेजारी ग्यानोबा खिडकीबाहेर बघत होते.

"प्रीतम."

"हां, आबा."

"पुढची तारीख कवाची दिली?"

प्रीतमनं तोंड उघडलं. नाटक संपलं, आबा. टोल्के नव्हताच कुणी. तो जो होता तो तर कधीच मेला. यातलं नेमकं कुठून सांगावं ते त्याला कळेना. इतक्यात पुढच्या सीटवरून माधवराव मागं न बघता बोलले,

"पुढच्या महिन्यात. नांदेडला. तुमची साक्ष अर्धी राहिलीय."

ग्यानोबांनी मान हलवली. सदऱ्याच्या बाहीवर स्टेजवरच्या पुठ्ठ्याचा रंग लागला होता, तो अंगठ्यानं खरडून बघितला.

"मंग ह्यो धुवाया टाकाया लागंल," ते म्हणाले.