दादाचा आवाज

दादाचा जुना संगणक हल्ली तासाभरात तापून बंद पडायचा, आणि तो बंद पडला की दादाही गप्प व्हायचा. आजारानं त्याचं सगळं अंग लुळं केलं होतं. हलत होते ते फक्त डोळे. डोळ्यांनी पडद्यावरची अक्षरं निवडली की एक प्रोग्राम ती वाचून दाखवायचा, तेही दादाच्याच आवाजात. जीभ जड व्हायला लागली तेव्हा त्याच्या मित्रानं त्याचा आवाज रेकॉर्ड करून हा प्रोग्राम बनवला होता. पुढे तो मित्र अपघातात गेला.

घरात नवा संगणक आला. प्रोग्राम त्यावर चढवायचं काम दादाच्या बहिणीनं, धाकटीनं, अंगावर घेतलं. तिचं पोटच कोड लिहिण्यावर होतं. जुनी डिस्क नव्यावर उतरवून घेत ती वहिनीला म्हणाली, "दोन दिवसांत बोलता करते त्याला."

आठवडा सरला. एक चूक निस्तरली की कोड तपासणारा कंपायलर नव्या दहा दाखवायचा. जुन्या सिस्टिममधली कितीतरी फंक्शन्स नव्या सिस्टिमनं केव्हाच मोडीत काढली होती. त्यात जुन्या संगणकानं कायमची मान टाकली. आता वहिनी अक्षरांचा तक्ता धरून एकेका अक्षरावर बोट ठेवायची आणि हवं ते अक्षर आलं की दादा पापणी मिटायचा. 'पाणी' म्हणेपर्यंत त्याला घाम फुटायचा.

एका दुपारी शेवटची चूक गेली. धाकटीनं प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर उमटलं, लायब्ररी सापडत नाही. तिनं लायब्ररी कुठे आहे ते सांगितलं. मग उमटलं, ही लायब्ररी दुसऱ्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे.

आवाज सगळा त्या लायब्ररीतच, मित्रानं बनवून ठेवलेल्या त्या तयार फाइलीतच होता. तिचा मूळ कोड मिळाला तर ती नव्यानं बनवता येईल म्हणून धाकटीनं मित्राच्या बायकोला फोन लावला.

"लॅपटॉप त्याच्याबरोबर गाडीतच होता गं," ती म्हणाली. "काही उरलं नाही."

धाकटीनं हात टेकले. एक तयार आवाज विकत मिळत होता, तो तिनं जोडला. दादानं दोन शब्द निवडले. स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं, "कोण आलंय?" दारात आल्यावर तिला उलगडा झाला. तिचा चेहरा उतरला.

"बंद कर ते."

दादाचे डोळे तक्त्याकडे वळले. वहिनी बोट फिरवत गेली. चा. ले. ल.

धाकटी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडली.

परत आली तेव्हा एकच वाट उरली होती. जुन्या प्रोसेसरचं सोंग घेणारा प्रोग्राम चालवायचा, एकटी लायब्ररी त्याच्या आत ठेवायची आणि बाहेरून तिच्याकडे शब्द पाठवायचे. दोन दिवस तेही कोसळत राहिलं. तिसऱ्या दिवशी कोसळायचं थांबलं, पण आवाज येईना. धाकटी दादासमोरच्या पडद्याकडे नुसती बघत बसली.

"खिडकी लावू का रे?" वहिनीनं दादाला विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं खिडकी लावली, चादर सारखी केली आणि ती खुर्चीत टेकली.

"नको," दादा म्हणाला.

आवाज त्याचाच होता, थोडा घोगरा. वहिनीनं उठून खिडकी उघडली आणि ती तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"प्रत्येक शब्दाला इतका उशीर लागणार, दादा," धाकटी म्हणाली. "यापेक्षा जास्त मला नाही जमत."

दादाचे डोळे अक्षरांवरून फिरू लागले. दोघी वाट बघत राहिल्या.