सगळ्याजणींचे विळे

महानंदानं आपला विळा रिंगणाच्या मधोमध टाकला. आधीच्या विळ्यांच्या ढिगावर तो खणकन आपटला आणि सगळ्याजणींची नजर पंचफुलाकडं वळली. तिचा विळा अजून मांडीवरच होता.

बांधावर हणमंतराव उभे होते. त्यांचं सोयाबीन वाळून कडक झालं होतं, शेंगा तडकायला लागल्या होत्या आणि हदगावच्या अंगाला आभाळ काळवंडून आलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या रानाच्या काढणीचं गुत्तं, म्हणजे ठोक कंत्राट, या टोळीला, पुढं कापसाची वेचणीही. पण बोलायला एक मुकादम हवा. घोळक्याशी ते बोलणार नव्हते. हार्वेस्टरवाला एका फोनवर येणार होता.

"आवरा गं बायांनो," ते ओरडले. "तुमची लोकसभा उठू द्या आता."

टोळीला मुकादम नव्हता. तीन हंगामांपूर्वी होता. तापानं फणफणलेल्या सिंधूला त्यानं रानातून हाकललं, तेव्हा सगळ्याजणी तिच्यामागं बाहेर पडल्या. त्याच दिवशी पंचफुलानं रीत घातली. गोष्ट पटली तर विळा मध्ये टाकायचा, नाही पटली तर मांडीवर ठेवायचा. एकही विळा मांडीवर राहिला, तर ती गोष्ट होणार नाही. या रितीवर टोळीनं भाव ठरवले, भांडणं मिटवली.

आज ठरवायचं होतं ते पंचफुलाला मुकादम करण्याचं.

"काकू, नावापुरतंच हाय," लुंबिनी अजिजीनं म्हणाली. "मालकाशी तुमी बोला. बाकी समदं हाय तसंच."

"त्यो आधीचा मुकादम बी पहिल्या साली नावापुरताच होता," पंचफुला म्हणाली.

महानंदा गुडघ्यांवर उठली. "माय, एक सांग. आमी समद्या 'हो' म्हणून राहिलो, तू एकटी 'न्हाई' म्हणून राहिली. तुझ्या एकटीपायी काम अडलं. मंग तू मुकादम न्हाई तर कोण हाईस?"



पात्यावरून फिरणारा पंचफुलाचा अंगठा थांबला. विळा टाकला तर मुकादम, नाही टाकला तरी मुकादम. तिनं रिंगणातला एकेक चेहरा न्याहाळला.

"समद्या म्हणली तू," ती सावकाश म्हणाली. "सिंधूचा इळा कुठाय?"

सिंधू लिंबाखाली झोळीतल्या लेकराला झोके देत होती. उन्हाळ्यात तिचा उजवा हात मोडला, तो नीट जुळलाच नाही. तेव्हापासून ती पाणी भरायची, लेकरं सांभाळायची. हिस्सा तिला सगळ्यांएवढाच मिळायचा, त्यावर कधी कुणी कुरकुरलं नव्हतं. पण हातात विळा नाही, म्हणून ती रिंगणात बसत नव्हती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पंचफुलाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"तिला काहून मधी आणती?" महानंदाचा आवाज उतरला. "तिचं कुठं न्हाई हाय?"

"इचारलं का तिला?"

पंचफुला उठून लिंबाखाली गेली. आपला विळा तिनं सिंधूच्या डाव्या हातात दिला आणि झोळीची दोरी स्वतः धरली.

"जा. मुकादम करायचा का न्हाई, तू सांग."

"अन् तुमचं?"

"तू ठरवशील ते माझं."

सिंधू रिंगणापाशी आली. महानंदानं सरकून तिला जागा दिली. सिंधूनं विळा मांडीवर ठेवला, पातं बाहेरच्या अंगाला करून. मग ती मधल्या ढिगाकडं बघत राहिली. लांबवर आभाळ गडगडलं.

"काय ठरलं?" हणमंतरावांनी फोन खिशातून बाहेर काढला होता.

सवयीनं सगळ्या पंचफुलाकडं बघायला लागल्या. तिनं त्यांच्याकडं पाठ केली आणि झोळीला झोका दिला.

"बसा जरा, मालक," सिंधूचा आवाज आला. "माझं अजून ठरलं न्हाई."

पंचफुलानं मागं वळून पाहिलं नाही. बांधावर पावलं इकडून तिकडं झाली, थांबली. मग वाळल्या गवतात एक जड माणूस खाली बसल्याचा आवाज तिला ऐकू आला.