टाकी लावण्याआधीचं वाटण

मित्रांनो, मी पाटा. काळ्या दगडाचा, जुना आणि चांगलाच जड. मिक्सरच्या जमान्यात तुमच्यातल्या निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधीच सांगतो: माझ्यावर वरवंटा फिरवून मसाला वाटतात. आणि माझ्यात एक बाई राहते, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो.

जोतिबाच्या डोंगराखाली एका पाथरवटानं मला घडवलं. शालूबाई नवी नवरी होऊन कोल्हापुरात आली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, आकारामनं, मला खांद्यावरून घरी आणलं. पुढं तिनं घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढली. सुकं खोबरं, तीळ, मिरच्या, लसूण, बाजाराच्या दिवशी सुकट, सगळं माझ्यावरच. लोक तांबड्या रश्श्याला नावाजायचे, पाट्याला कोण विचारतंय? शालूबाई मात्र वाटण काढून झालं की भाकरीच्या तुकड्यानं मला पुसून घ्यायची आणि तो तुकडा उभ्या उभ्या खायची.

वाटताना ती काचेच्या बांगड्या कोपराकडं सारायची. काम झालं की हात झटकायची. बांगड्या खळकन खाली यायच्या आणि बाहेर बसलेला आकाराम हात धुवायला उठायचा. नवऱ्याला जेवायला हाक मारायची तिची रीत तेवढीच. "आलो गं," तो म्हणायचा.

शालूबाई तापानं गेली. खानावळ बंद झाली. मला परसात भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिथं मला बांगड्या ऐकू येऊ लागल्या. ऐन दुपारी, वाटणाच्या वेळी, जवळ चिटपाखरू नसताना, खळकन. मी दगड, मला कसली आलीय भीती? पण खोटं कशाला बोलू, अंगावर काटा यायचा. घरात आकाराम शेजारणीनं दिलेल्या डब्यातले दोन घास खायचा आणि झाकण लावून टाकायचा. त्याच्या सदऱ्याची गळपट्टी ढिली होत चालली होती.

मग मोना आली. गोव्यातल्या हॉटेलात ती थाई जेवण करायला शिकली होती. पुढची खोली भाड्यानं घेऊन तिनं पाटी लावली: थाई जेवण, संपूर्ण व्हीगन. मटण नाही, मासळी नाही, दूध-तूपही नाही. कोल्हापुरात! गल्लीतला बाळासो पाटी वाचून आत डोकावला.

"मटण न्हाय ते न्हाय, दही बी न्हाय व्हय? मग पावण्यानं खायचं काय?"

"बसा की दादा. जेवा, मग भांडा," मोना म्हणाली.

बाळासो जेवला आणि भांडायचं विसरला. नारळाच्या दुधातल्या लाल करीला लोक तांबडा म्हणू लागले, पातळ सुपाला पांढरा. मोना भात पुन्हा वाढायची, त्याचे वेगळे पैसे नव्हते, त्यामुळं कॉलेजची पोरं आणि एमआयडीसीतले कामगार रांग लावायचे. ह्या चवीमागं मी होतो. "चांगला पाटा हाय, घे वापरायला," म्हणून आकारामनं मला मोनाच्या हवाली केलं होतं. तिनं मला चिंच-मिठानं घासलं, गरम पाण्यानं धुतलं. मग मिरच्या, लसूण, गवती चहा आणि आल्यासारखं एक वासाचं मूळ माझ्यावर वाटू लागली.

पहिल्या दिवशी आकाराम उगीच बसायचं म्हणून बसला. हिरव्या करीचा घास घेतला आणि हात थांबला.

"शालूचा हात हाय ह्याला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी यायचा, पोटभर जेवायचा. अंगानं भरला. बांगड्या दुपारच्या अजून वाजायच्याच, त्यामुळं मला वाटलं, माझ्यातली शालूबाईच त्याला वाढतेय.

एकदा धवल नावाचा बँकेतला गिऱ्हाईक आईला घेऊन आला. त्या जैन माउलीसाठी मोनानं लसूण आणि ते मूळ वगळून वेगळं वाटण केलं. आईनं घास तोंडाजवळ नेला आणि ताट सरकवलं.

"सुकटाचा वास येतोय," ती हळूच म्हणाली.

"ताई, तुमच्या शब्दावर आणलं होतं मी आईला," धवल म्हणाला. दोघं न जेवता उठले.

मोनानं मला हुंगलं. आजवर लसणाखाली लपलेला वास उघडा पडला होता. एवढ्या वर्षांचं सुकट माझ्या छिद्राछिद्रांत मुरलेलं. आकारामला लागत होता तो शालूबाईचा हात हाच.

मोना रडवेली होऊन आकारामला म्हणाली, "आबा, पाटीवर लिहिलंय ते खरं पायजे. पण टाकी लावली तर तुमचं जेवण..."

टाकी लावायची म्हणजे छिन्नीनं माझा वरचा थर काढून नव्यानं खडबडीत करायचं. आकाराम बराच वेळ माझ्यावरून तळवा फिरवत राहिला.

"लाव. उपाशी उठल्या त्या बाई. शालूच्या दारातनं कोण उपाशी गेलं न्हवतं. फकस्त आज एक डाव वाट, माझ्यापुरतं."

मोनानं वाटलं. तो सावकाश जेवला. मग भाकरीचा तुकडा मागून घेतला, मला पुसलं आणि तो उभ्या उभ्या खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टाकी लावणारी बयाबाई छिन्नी-हातोडी घेऊन आली. प्रत्येक घावाला माझ्यातलं काहीतरी उडत होतं. त्यानंतर बांगड्या वाजल्या नाहीत. परसात होतो तेव्हा मी त्या आवाजाला घाबरायचो. आता त्याच्याविना मला करमेना. आकारामही जेवायला येईना. शेजारणीचा डबा पुन्हा झाकलेला राहू लागला. मोना दुपारी दाराकडं बघत वाटायची.

अशाच एका दुपारी तिनं वाटण काढलं आणि हात झटकला. तिच्या हातात बांगडी नसते, साधं घड्याळही नसतं. बाहेर कट्ट्यावर आकाराम बसला होता.

"आलो गं," तो म्हणाला, आणि हात धुवून आत येऊन बसला.

मोना दचकली. "आबा, मी कुठं हाक मारली?"

"तू न्हाय, पोरी. वाढ."

चव पार वेगळी होती, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. तरी तो ताट पुसून जेवला. शालूबाई माझ्यात नव्हती, मित्रांनो. मी उगीच मिरवत होतो.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल, तर त्याला जरूर टाकी लावा. दगड आहे, सोसेल. पण त्याआधी त्यावर एकदा वाटण करा, आणि घरात जे कुणी अर्धपोटी उठत असेल त्याला शेजारी बसवून जेवू घाला. कारण त्या दुपारी आकारामनं ज्या बांगड्या ऐकल्या, त्या मला काही केल्या ऐकू आल्या नाहीत.